जामसरच्या वाघाने खाल्लेली माणसं

जव्हार,
कार्तिक वद्य द्वितीया, शके १८३०

चि. दिगंबर भावोजींस द्वारकेचे अनेक आशीर्वाद.

वयाने तुम्ही मोठे असाल, पण नात्याने मी तुमची थोरली वहिनी, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्यावेत. इंग्रज सरकारने तुम्हाला खोडाळ्याला पोरांना देवी टोचायला पाठवलं, ते गेल्यापासून तुमची दोन ओळींची खुशाली नाही. सुई धरून बोटं आखडली की काय? सोबत सुकट आणि बोंबील पाठवले आहेत. ते पोहोचल्याचं तरी कळवा.

इकडची मोठी बातमी म्हणजे वाघ आला आहे. जव्हारात जिने वाघ पाहिला नाही अशी मी एकटीच उरले आहे, त्यामुळे हळदीकुंकवाला माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. फौजदारीणबाईंनी परसात पाहिला. वैद्यबुवांनी सोंगट्या खेळून परत येताना पाहिला, आणि तो बैलाएवढा होता. एकाच्या वाघाला पट्टे आहेत, एकाच्या वाघाला ठिपके. कासाराच्या म्हातारीच्या वाघाला तर आयाळ आहे. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, असं मी म्हटलं तर सगळ्याजणी माझ्यावरच धावून आल्या.

पण नुसतं हसू नका. जामसरच्या बाजूला त्याने खरोखर माणसं नेली आहेत. आमचे हे, म्हणजे तुमचे अण्णा, संस्थानच्या जंगलखात्यात, तेव्हा वर्दी त्यांच्याकडेच येते. आमचं संस्थान संपून तुमचा इंग्रजी मुलूख जिथे सुरू होतो, त्या ओहोळाकाठच्या गवतात तो दबा धरतो म्हणतात. माणूस रानात जातो आणि मागे फक्त त्याचा कोयता सापडतो.

आपल्याकडे भात कांडायला येते ती जामसरची पुतळी तुम्हाला आठवत असेल. तिचा नवरा जिव्या त्यातच गेला. सकाळी येऊन म्हणाली, "बाय, माझे गोहाला वाघानं नेला," आणि मुसळ उचललं. मी पदर डोळ्यांना लावून रडले. ती कांडत राहिली. तिची लेक धाकली शेजारी बसून तूस उडवत होती. माझ्याच्याने बघवेना, म्हणून दोघींना भाकरी वाढून मी आत निघून गेले.

अण्णा रात्रंदिवस वाघाचाच विचार करतात. काल जेवताना ताटात मीठ नाही हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. वाघाचा एवढा एक उपकार मात्र मानायला हवा.

द्वारका


खोडाळा,
ता. १९ नोव्हेंबर १९०८

ती. वहिनींस दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

बोंबील पोहोचले. वास माझ्या आधी गावाला पोहोचला आणि आता आसपासची सगळी मांजरं माझ्या दारात कचेरी भरवून बसतात. तुमच्याकडे एक मोठं मांजर आहे तर केवढा गवगवा. माझ्याकडे दहा लहान आहेत, त्यांची वर्दी कोणी घेत नाही.

पत्र लिहिलं नाही कारण मी दिवसभर लोकांच्या मागे धावत असतो. वाघ आला तर माणसं घरात शिरतात. मी आलो की रानात. परवा एका पाड्यात गेलो तर चुली पेटलेल्या, भाकऱ्या तव्यावर, आणि माणूस एक नाही. अर्धं गाव झाडावर बसलेलं. खाली उभा राहून मी लशीचं महत्त्व सांगत होतो आणि वरून एका म्हातारीने माझ्यावर वाळलेली शेणाची गोवरी टाकली. नेम चांगला होता.

तुमच्या वाघाबद्दल मला एक शंका आहे. त्याला शेळी-वासराचं वावडं आहे काय? गोठ्यातलं पारडू सोडून, हातात कोयता घेतलेला धट्टाकट्टा बाप्याच काय म्हणून उचलतो? आणि कोयता तेवढा नीट बाजूला काढून ठेवतो? अशा शिस्तीच्या वाघाला कचेरीत नोकरी द्यायला हवी. अण्णांना सांगा, लोकांना गवतात ऊन पडलेलं दिसतं आणि भीतीने ते त्याला शेपूट लावतात. मी हे सगळं रान पालथं घातलं, मला एक कोल्हा दिसला. तोही मला बघून पळाला. बहुधा त्यालाही देवी टोचून घ्यायच्या नव्हत्या.

पुतळीचं मात्र वाईट वाटलं. तिला माझ्याकडून काही हवं असेल तर सांगा.

आपला,
दिगंबर


जव्हार,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८३०

चि. भावोजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र अण्णांनी वाचलं आणि ते तुमच्यावर रुसले आहेत. म्हणाले, "दिगूला इंग्रजांची हवा लागली. माणसं मरताहेत आणि याला विनोद सुचतो." खरं सांगू, मलाही लाजल्यासारखं झालं. कारण तुमचं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले होते.

वाघाने आणखी माणसं नेली. अण्णांनी वर लिहून कळवलं, आणि त्याचा परिणाम असा की ठाण्याकडून एक शिकारी साहेब बंदूक घेऊन येणार आहेत. हाकारे लागणार, मचाणं लागणार. अण्णांना मचाणावर साहेबाशेजारी बसायचं आहे, कारण थोडं इंग्रजी त्यांना येतं. आयुष्यात माळ्यावरून लोणच्याची बरणी काढताना ज्यांचे पाय लटपटतात, ते झाडावर चढायचा सराव करताहेत! परसातल्या फणसावर चढले आणि तिथून हाक मारून मला शिडी मागितली.

या कामात पुढे आहे तो पुंजा मुकादम. लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस. सागाचे ओंडके ओढायला गावागावातून माणसं गोळा करतो. रोज संध्याकाळी आपल्या ओसरीवर येऊन बसतो, मिशांवरून हात फिरवतो आणि गेलेल्या माणसांसाठी उसासे टाकतो. त्याला माणसं गेल्याचं दुःख आहे की ओंडके पडून राहिल्याचं, ते मला अजून कळलं नाही. हाकाऱ्यांचा म्होरक्या तोच होणार.

पुतळीची मला फार काळजी वाटते. तिने कुंकू पुसलेलं नाही. परवा बाजारात नव्या बांगड्या भरल्या, त्याही हिरव्या. काल कांडताना चक्क गुणगुणत होती. धक्क्याने तिचं डोकं फिरलं असावं. मी वैद्यबुवांकडून तिच्यासाठी ब्राह्मीचं तेल आणलं आणि माझ्या हाताने तिच्या टाळूवर घातलं. तिने मुकाट्याने घालून घेतलं, पण तिचे खांदे हलत होते. रडली बिचारी एकदाची, म्हणून मला जरा हायसं वाटलं.

द्वारका


खोडाळा,
ता. ६ डिसेंबर १९०८

ती. वहिनींस सा. न.

हे पत्र अण्णांच्या हाती पडू देऊ नका. वाचलंत की चुलीत घाला. आणि वाचण्याआधी खाली बसा.

काल खोडाळ्याच्या बाजारात मी एका झाडाखाली टोचायला बसलो होतो. आश्चर्य म्हणजे एक उंच बाप्या स्वतःहून पुढे आला. दुसऱ्या गावचा दिसत होता. इथल्यांनी त्याला सांगितलं असावं की, ज्याला टोचलं त्याला सरकार इथलाच समजतं. मी दंड पुसून विचारलं, "नाव?"

"जिव्या."

"गाव?"

"जामसर." लगेच जीभ चावली. "नाय, नाय. हितलाच."

"जामसरचा जिव्या तर वाघाने खाल्ला," मी म्हणालो.

त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हां दादा. खाल्लाच हाय. कोनाला सांगू नको."

वहिनी, मी हसून हसून लोळायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो वळला आणि मला त्याची पाठ दिसली. तिच्यावर वेताचे वळ होते, काही सुकलेले, काही अजून ओले. मग हसू आलं नाही.

बाजार उठल्यावर त्याच्याशी बोललो. ऐन झोडणीच्या दिवसांत, भात खळ्यावर पडलेलं असताना, तुमच्या ओसरीवर उसासे टाकणारा तो पुंजा यांना ओंडके ओढायला नेतो. नाही म्हणालं की वेत. मी विचारलं, "मग सरळ पळून का नाही आलास? वाघ कशाला मध्ये आणलात?"

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू म्हणतोय, देवी टोचणाऱ्याला साधं एवढंही कळू नये. म्हणाला, "पळाला म्हनून कळला तं पुंजा बदली बायकोला नेतो. वाघानं खाल्ला तं काय करंल? वाघाला जाऊन विचारंल?"

तर असं आहे. ज्याला पळायचं असेल तो ओहोळाकाठी कोयता टाकतो, ओहोळ ओलांडून इकडे येतो, आणि मागे गाव छाती बडवून घेतं. जामसरच्या वाघाने खाल्लेले सगळेजण इथे एका माळावर झोपड्या घालून राहतात. काल त्यांनी मला नागलीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा जेवू घातला. मेलेल्यांच्या पंगतीला बसण्याचा योग सगळ्यांना येत नाही. रस्सा फार तिखट होता.

पुतळीला सांगा, जिव्या खुशाल आहे आणि बायकोची वाट बघतो आहे. तिच्या टाळूवरचं तेल मात्र बंद करा. ती रडत नव्हती, वहिनी. हसत होती.

दिगंबर


जव्हार,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १८३०

चि. भावोजींस आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं. माझे अश्रूही त्यात घालता आले असते तर बरं झालं असतं. फुकट गेले मेले!

पुतळी आल्या आल्या मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि म्हटलं, "तुझा नवरा खोडाळ्यात खेकडे खातोय."

तिच्या हातून सूप पडलं. बघता बघता तिचा चेहरा असा पांढरा झाला की मला वाईट वाटलं. म्हणाली, "बाय, अण्णांना सांगशील?"

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्यासाठी रडले की गं!"

"तू रडलीस तं मना बरा वाटला," ती म्हणाली. "मना खरा रडता येत नव्हता. कोनी तरी रडाय पायजे व्हता."

मग दोघी हसलो. मग खरंच दोघी रडलो, कारण तिने सांगितलं की पुंजाला आता वास लागला आहे. परवा त्याने तिला वाटेत अडवलं आणि बांगड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "कोनासाठी गं?" तेव्हापासून ती बांगड्या झाकून फिरते.

तिचा बेत असा आहे: शिकारीच्या दिवशी पुंजा आणि त्याची सगळी माणसं शिकारीत गुंततील. साहेबाची शिकार उत्तरेकडच्या टेकडीवर ठरली आहे. त्याच दिवशी ती धाकलीला घेऊन ओहोळाकडच्या घळीतून तुमच्याकडे निघेल. माझं जुनं लुगडं आणि थोडं पीठ तिला दिलं.

अण्णांना मी काही सांगितलेलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्यापासून मी काही लपवलं नव्हतं, बाजारहाटातलं सोडून. पण त्यांना सांगून उपयोग काय? त्यांना खोटं बोलता येत नाही. साहेबाने "वाघ कुठे?" विचारलं की ते म्हणतील, "साहेब, वाघ नाही, जामसरची माणसं खोडाळ्याला राहतात." कामात चूक झाली तर त्यांना जेवण जात नाही, आणि ही केवढी मोठी चूक! तेव्हा मी गप्प आहे. ते मचाणासाठी नवी टोपी शिवून घेत आहेत.

द्वारका


जव्हार,
मार्गशीर्ष वद्य नवमी, सकाळ

भावोजी,

आशीर्वाद वगैरे सगळं मागाहून. उद्या शिकार आहे आणि जागा बदलली. अण्णा आत्ता पानावर बसताना म्हणाले. पुंजाने साहेबाला पटवलं की वाघ माणसं ओहोळापाशी खातो, तर शिकारही तिथेच करावी. त्याच घळीत! वरून हाकारे येणार, खाली ओहोळाशी मचाण. पुतळी मधोमध सापडेल. ती माझ्याकडून कालच निघून गेली, जामसरला निरोप धाडायला माणूस मिळत नाही. सगळी माणसं हाकाऱ्याला नेली आहेत.

मी अण्णांना म्हटलं, "उद्या जाऊ नका." ते म्हणाले, "का?" मी तोंड उघडलं, आणि ओसरीवर पुंजा बसलेला दिसला. "माझं पोट दुखतंय," असं मी म्हटलं. अण्णांनी ओवा दिला आणि पुंजाबरोबर निघून गेले. आता रात्री मुक्काम तिकडेच.

कासार बाजारासाठी खोडाळ्याला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते. त्याला म्हटलं आहे की तुम्हाला पटकी झाली आहे आणि यात औषध आहे, म्हणजे तो वाटेत रेंगाळणार नाही. जिव्याला सांगा. काहीही करा.

द्वारका


जव्हार,
मार्गशीर्ष वद्य एकादशी, शके १८३०

चि. भावोजींस आशीर्वाद.

तुमच्याकडून काही कळत नाही आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. पुतळीचा पत्ता नाही. जामसरची माणसं तोंड उघडत नाहीत.

अण्णा काल डोलीतून घरी आले. पाय मोडला आहे. वैद्यबुवांनी फळ्या बांधल्या. झालं काय, तर म्हणे मचाणावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली, आणि साहेब वाघावर नेम धरतो आहे त्याच क्षणी ते खाली पडले. साहेबाची गोळी हवेत गेली. वाघ पळाला. साहेब त्याच दिवशी रागारागाने निघून गेला.

सगळं जव्हार हसतं आहे. फौजदारीणबाई चौकशीला म्हणून आल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे पाळणा असेल ना हो? त्यातच निजवा त्यांना." वैद्यबुवांनी फळ्या बांधता बांधता सोंगट्यांच्या मंडळींना सगळी गोष्ट सांगितली. पुंजा ओसरीवर येत नाही; बाहेर उभा राहून मोठ्याने हसतो आणि जातो.

मी विचारलं, "खरंच झोपला होतात?" अण्णा म्हणाले, "पाय घसरला." मी म्हटलं, "झोप लागली की पाय घसरला?" तर म्हणाले, "दोन्ही," आणि भिंतीकडे तोंड केलं. भावोजी, मी खोटं सांगत नाही, मला त्यांची लाज वाटली. एक बाई आणि तिचं लेकरू त्या गवतात होतं, आणि हे झोपले होते! हे त्यांच्या तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून मी त्यांच्याशी बोलतच नाही. पेज वाढते आणि उठून जाते.

पुतळी जिवंत आहे का, एवढं कळवा.

द्वारका


खोडाळा,
ता. २१ डिसेंबर १९०८

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

पुतळी आणि धाकली दोघी खुशाल आहेत. त्यांच्या पाटीतली कोंबडीसुद्धा. आता अण्णांशी बोला. आधी त्यांच्याशी बोला आणि मग पुढचं वाचा, नाहीतर वाचून झाल्यावर तुम्हाला त्यांच्यापुढे जायला फार अवघड होईल.

कासार आला तो धापा टाकत. मला पटकी न झाल्याचं बघून तो फार नाराज झाला. पत्र वाचलं आणि मी जिव्याला घेऊन निघालो. मी एवढा कधी धावलो नव्हतो. एरवी लोक पळतात आणि मी मागे राहतो. ओहोळाच्या आमच्या बाजूला एक उंचवटा आहे, तिथे पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि वरून ढोल-डबे वाजू लागले होते. पलीकडच्या काठावर मचाण. साहेबाची पाठ आमच्याकडे, शेजारी अण्णा नव्या टोपीत. त्यांच्यापुढे घळीतलं पिवळं गवत, माणूस बुडेल एवढं. आणि त्या गवतात काहीतरी मचाणाच्या रोखाने येत होतं. शेंडे हलत होते.

आम्ही ओरडलो. ढोलांपुढे कोण ऐकतो! जिव्याने ओहोळात उडी टाकली. साहेबाने बंदूक खांद्याला लावली.

वहिनी, अण्णा झोपले नव्हते. ते उभे राहिले. पाय लटपटत होते, मला इकडून दिसत होते. त्यांनी गवताकडे मान पुढे काढून पाहिलं, आणि बंदुकीच्या नळीपुढून सरळ खाली उडी मारली. "बाई आहे! बाई आहे!" असं ओरडत. ऐन वेळी इंग्रजी आठवलं नसावं, आणि साहेबाला मराठीचं अक्षर कळत नाही. त्याला वाटलं हा माणूस घाबरून कोसळला. बार वर झाडात गेला.

आणि गवतातून पुतळी बाहेर आली. डोक्यावर पाटी, कडेवर धाकली, पाटीत कोंबडी ओरडतेय. अण्णा जमिनीवर, पाय वाकडा. इकडून ओहोळातून जिव्या निथळत वर चढला. ज्याला वाघाने खाल्ल्याची वर्दी अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिली, तो त्यांच्यासमोर उभा! अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. पुतळीकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, आता अण्णा खरं बोलणार आणि सगळं संपणार.

साहेब मचाणाच्या पलीकडच्या अंगाने झाड उतरत होता, त्याला अजून काही दिसलं नव्हतं. पुंजा वरून धावत येत होता. अण्णांनी उत्तरेकडे हात केला आणि घसा फाडून ओरडले, "वाघ! तिकडे गेला! तिकडे!" साहेब तिकडे धावला. पुंजा धावला. हाकारेही सगळे धावले. त्यातल्या जामसरच्यांनी जिव्याला पाहिलं होतं, तेच सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांत मोठ्याने बोंबलत. अण्णा एका हाताने पाय धरून बसले आणि दुसऱ्या हाताने, माशा वारतात तसं, या तिघांना म्हणाले, जा, जा.

ती तिघं ओहोळ ओलांडून इकडे आली. मी धाकलीला घेतलं. आणि मग जे झालं ते तुम्ही मानणार नाही, आणि मीही कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

गवत पुन्हा हललं. पुतळी आली त्याच वाटेने वाघ बाहेर आला. पट्ट्यांचा. बैलाएवढा नाही, पण एवढा मोठा की मला ओरडायचं सुचलं नाही. ऊन त्याच्या पाठीवर होतं. तो अण्णांच्या पलीकडून, अगदी आपल्या परसात फिरावं तसा, ओहोळाशी आला, पाणी प्यायला आणि आमच्या बाजूला येऊन करवंदीच्या जाळीत शिरला. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं. विशेष काही वाटलं नसावं. जिव्याने हात जोडले. पुतळी म्हणाली, "वाघदेव आपली वाट धरून आला." धाकलीला तो फार आवडला.

अण्णांनी त्याला पाहिला की नाही, मला सांगता येत नाही. तो गवतातून आला तेव्हा त्यांची पाठ होती. नंतरही ते या तिघांच्याच वाटेकडे बघत बसले होते.

दिगंबर


जव्हार,
पौष शुद्ध सप्तमी, शके १८३०

चि. भावोजींस आशीर्वाद.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं नाही. आधी पत्र वाचून काढलं. त्यामुळे खरोखरच त्यांच्यापुढे जाववेना. तुळशीपाशी बसून राहिले. शेवटी आतून हाक आली, "अगं, पेज मिळेल का आज?" तेव्हा गेले.

इकडची हकीकत अशी. अण्णांनी शिकारीचा अहवाल वर पाठवला. त्यात लिहिलं की वाघ अद्याप जिवंत असून अतिशय धूर्त आहे, ओहोळाकाठचं रान माणसांना धोक्याचं आहे, तरी गावची माणसं ओंडके ओढायला नेऊ नयेत; ठेकेदाराने आपले बैल आणि आपली माणसं आणावीत. मोडक्या पायाच्या माणसाने लिहिलेलं म्हणून कचेरीत त्याचं वजन पडलं असावं. तसा हुकूम निघाला.

पुंजा धावत ओसरीवर आला. म्हणाला, "अण्णासाहेब, हा कसला हुकूम? काम कोण करणार?"

अण्णा खाटेवरून म्हणाले, "तू कर. या वाघाने अजून एकही मुकादम खाल्लेला नाही. बघू, आवडतो का."

तो गेला तो परत आला नाही. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या रानात धाडलं म्हणतात. जामसरची भातं झोडून झाली. वाघाने खाल्लेल्यांपैकी दोघं-तिघं परत येऊन खळ्यावर काम करताना दिसले. गावाने सांगितलं, वाघाला पचले नाहीत. कचेरीतून यावर कोणी प्रश्न केला नाही. जिव्या-पुतळीचं काय ते त्यांनी ठरवावं. इथे येवोत की तिथे राहोत. माझं भात मात्र आता मीच कांडते आहे आणि हाताला फोड आले आहेत, एवढं तिला सांगा.

जव्हार अजून हसतं. फौजदारीणबाई काल पुन्हा पाळण्याचं बोलल्या. खरं काय ते त्यांच्या तोंडावर सांगावं असं फार वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं, आणि त्यांना चहात साखर घातली नाही.

अण्णा तुमच्याबद्दल विचारतात, पण तुम्ही त्या दिवशी उंचवट्यावर होतात हे त्यांना माहीत आहे की नाही, मला कळत नाही. मी तुमचं पत्र दाखवलं नाही. काल दुपारी त्यांचा पाय शेकत बसले होते. बाहेर ऊन पडलं होतं. मी मान खाली घालूनच विचारलं, "खरं सांगायचं. त्या दिवशी वाघ पाहिलात का?"

"पाहिला की," ते म्हणाले.

"कसा होता?"

त्यांनी जरा विचार केला.

"कडेवर पोर होतं," म्हणाले, आणि दुसऱ्या अंगाने शेकायला पाय पुढे केला.

द्वारका